पंचवीसची रेघ

६ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

गेल्या पाच आठवड्यांत तुम्ही माझा फोन एकदाही उचलला नाही. मी अकरा वेळा केला. शेवटी तुमच्या खालच्या वहिनींना केला, तर त्या खालच्या मजल्यावरून म्हणाल्या, "अहो, ठणठणीत आहेत की. दुकानात बसून काच फुंकतायत. फोनवर रुसलेत म्हणे." रुसण्यासारखे मी काही बोललो का? बोललो असेन तर साधारण कोणत्या तारखेला ते कळवावे, म्हणजे मला आठवून माफी मागता येईल.

माझे काम ठीक चालले आहे. नववीत शाळा सुटलेल्या मुलाला दवाखान्याच्या लॅबमध्ये बाटल्या धुण्यापलीकडे काही देणार नाहीत, असे तुम्ही आणि आई दोघेही म्हणाला होतात. पण आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी सहा महिन्यांपासून प्लेटा ओतायचे काम मला दिले आहे. तुम्हाला समजेल असे सांगतो. चपट्या गोल डबीत गरम खळीसारखे पातळ अन्न ओतायचे. ते थंड झाले की घट्ट बसते. त्यावर रुग्णाच्या बेडक्यातले जंतू पसरायचे आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते. औषध लागू पडत असेल तर त्या टिकलीभोवती रिकामे वर्तुळ राहते. मॅडम ते पट्टीने मोजतात आणि त्यावरून डॉक्टर औषध ठरवतात. वर्तुळ मोठे असेल तर औषध चालते. वर्तुळच नसेल तर जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत.

रिकाम्या वेळात मी जुन्या नोंदवह्या वाचतो. छातीच्या दुखण्यावर जी पिवळी कॅप्सूल देतात तिची वर्तुळे दहा वर्षांपूर्वी चोवीस, पंचवीस मिलिमीटर असत. मग बावीस. मग एकोणीस. यंदा निम्म्या प्लेटांवर सहा आहे, आणि सहा ही टिकलीची स्वतःचीच रुंदी आहे. म्हणजे वर्तुळ नाहीच.

सध्याची अडचण अशी की अन्नाचा थर बरोबर चार मिलिमीटर हवा. त्यासाठी प्रत्येक प्लेटमध्ये पंचवीस मिलिलिटर ओतावे लागते. ते मोजून ओतणारे मशीन बिघडले आहे आणि त्याचा भाग यायला दोन महिने लागतील. तोपर्यंत मी टवका उडालेल्या एका पेल्याने हातानेच ओततो. त्यावरची रेघ पुसट झाली आहे. एकेक प्लेट तीनदा पाहतो, तरी समाधान होत नाही.

फोनचे नक्की कळवावे.

तुमचा भाचा


१५ जानेवारी

चिरंजीव मोजपट्टी,

आशीर्वाद. रुसायला मी काय नवरी आहे? फोनमध्ये तुझा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येतो, म्हणून उचलत नाही. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात माणूस शहाणा वाटतो, तूसुद्धा.

जंतूंना आधी पोटभर जेवायला घालता आणि मग विष देता, चांगला पाहुणचार आहे तुमचा. पण काम अकलेचं दिसतंय. तुझ्या आईला पत्राने कळवलं की पोरगं बाटल्या धुण्यातून सुटलं. तिने उलट लिहिलं, "घरी असताना एक पेला कधी विसळला नाही त्याने."

तो टवक्याचा पेला फेकून दे. सोबतच्या खोक्यात भुशात गुंडाळून एक माप पाठवतोय. काच उष्णतेला तडकणार नाही. चोच अशी काढलीय की थेंब बाहेर ओघळला तर मिशी उतरवीन. पंचवीसवर रेघ कोरलीय. मापं करण्यात चाळीस वर्षं गेली माझी, तेव्हा उगाच तपासत बसू नकोस.

तुझ्या त्या पिवळ्या कॅप्सूलचं मात्र काहीतरी चुकतंय. ती हुकमी आहे. डॉक्टर सात दिवसांच्या देतात, तीन दिवसांत आराम पडतो, उरलेल्या मी डब्यात टाकतो. अडीअडचणीला असाव्यात. परवा खालच्या वहिनींच्या वडिलांना खोकला झाला, चार दिल्या. निम्म्या गल्लीच्या छात्या माझ्या डब्यावर चालतात. लोक गमतीने माझ्या दुकानाला दवाखाना म्हणतात, आणि इथे कुणाला रांगेत बसावं लागत नाही.

माप मिळाल्याचं कळव.

मामा


२३ जानेवारी

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

माप पोहोचले. मी ते लॅबमध्ये नेले तेव्हा मॅडमनी खिडकीपाशी उजेडात धरून पाहिले आणि विचारले, "हे कुठून आणलंस? असं विकत मिळत नाही." मी म्हणालो, "माझ्या मामांनी केलं." दोन दिवस ज्याला त्याला सांगत होतो. चोच तुम्ही म्हणालात तशीच आहे. मी शंभर प्लेटा ओतल्या, ओट्यावर एक थेंब पडला नाही. तुमची मिशी सुरक्षित आहे. जुन्या प्लेटा संपल्या की सत्तावीस तारखेपासून याच वापरात येतील.

आता दुसरे लिहितो, रागावू नका. तुमचे पत्र एका पानाचे आहे. पण वरचा भाग निळ्या शाईत आहे, मधला काळ्या, डब्याचा मजकूर पेन्सिलीने आणि शेवटची ओळ पुन्हा निळी. म्हणजे एवढेसे पत्र लिहायला तुम्ही चार वेळा बसलात. पूर्वी तुम्ही एका बैठकीत चार पाने भरत होतात. आणि कॅप्सूली डब्यात उरतात म्हणजे आधी त्या कुणाच्या तरी नावावर आलेल्या असतात. कुणाच्या? किती वेळा? मामा, माझ्या आवाजामुळे तुम्ही फोन उचलत नाही, की बोलताना तुम्हाला खोकला येतो म्हणून?

मॅडम सांगतात, औषध अर्धवट किंवा गरज नसताना घेतले की त्याला पुरून उरणारे जंतूच मागे राहतात. तेच वाढतात, आणि खोकल्यातून शेजारच्या घरी जातात. नोंदवहीतली वर्तुळे आपोआप आकसलेली नाहीत. असे डबे घरोघरी असतील.

सोबत झाकणाची डबी पाठवतो आहे. सकाळी उठल्यावर काही खाण्यापूर्वी साध्या पाण्याने चुळा भराव्यात. मग खोल श्वास घेऊन छातीतून खोकावे. थुंकी नको, आतला बेडका हवा. डबीवर वेळ लिहावी. बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून सकाळच्या बसच्या वाहकाकडे द्यावी, मी इथे उतरवून घेईन. त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांकडेही जावे. मॅडमची परवानगी मी काढली आहे.

कृपा करून हे हसण्यावारी नेऊ नका.

तुमचा भाचा


३० जानेवारी

चिरंजीव मोजपट्टी,

तुझ्यासारखा भाचा असण्यापेक्षा दारात पोलीस परवडला. चार बैठका मोजल्यास! सख्ख्या मामाच्या पत्राची झडती घेतोस?

हो, खोकला आहे. पाच महिने झाले. पहिल्यांदा कॅप्सूलने तीन दिवसांत गेला, म्हणून उरलेल्या ठेवल्या. परत आला, डब्यातल्या घेतल्या, गेला. तिसऱ्यांदा सहा दिवस घेतल्या तेव्हा कुठे थोडा दबला. आता कॅप्सूल गिळली की खोकला तिलाच हसतो. संध्याकाळी कणकण असते. फोनवर दोन शब्द बोललो की तिसऱ्याला ढास लागते, आणि तुझ्या आईला कळलं तर ती बोचकं घेऊन इथे राहायला येईल. त्यापेक्षा खोकला बरा.

तुला खरं तेच सांगतो. नळी तोंडाला लावली की काचेचा फुगा अर्ध्यावर येतो आणि माझा दम संपतो. काच कुणासाठी थांबत नाही. श्वास तुटला की ती तशीच वाकडी थिजते. या महिन्यात अकरा भांडी फोडून टाकली. बाकी काही गेलं तरी चालेल रे, पण फुंकता आलं नाही तर मी काय करू? दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना वेळ विचारू?

डबी काल पाठवली. सहा वाजून दहा मिनिटं, तशी वेळ लिहिलीय. वाहकाने विचारलं, "काय आहे आत?"

म्हटलं, "भाच्याला खाऊ."

"उघडून बघू का?"

"बघा. पण मग दुपारी जेवण गेलं नाही तर मला बोल लावू नका."

त्याने थर्मास मांडीवरून उचलून पार मागच्या सीटखाली ठेवला. लोकांच्या बेडक्यावर पोट भरणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. काय उगवतं ते कळव.

मामा


२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

उगवले. जंतू भरपूर आहेत. मॅडमनी चार औषधे लावली. त्या मोजत असताना मी मागे उभा राहून पट्टी पाहिली.

तुमच्या डब्यातली पिवळी कॅप्सूल: सहा. म्हणजे ती घेणे आणि चण्याची डाळ गिळणे सारखेच. दुसरी गोळी: सहा. तिसरी गोळी: एकवीस. आमच्या तक्त्याप्रमाणे वीस किंवा जास्त आले तर औषध चालते. चौथे इंजेक्शन आहे, त्याचे सव्वीस आले, पण ते शक्यतो राखून ठेवतात.

तिसरी गोळी चालते! मी पट्टी पुन्हा ठेवून पाहिली, एकवीसच. मॅडमनी सही केली आणि अहवाल तुमच्या डॉक्टरांना गेला. दहा दिवसांचे औषध आहे. चौथ्या दिवशी बरे वाटले तरी डब्यात काही टाकायचे नाही. मी इथे कॅलेंडरवर तुमच्या दहा दिवसांना चौकटी केल्या आहेत.

खूप दिवसांनी आज दोन घास जास्त जेवलो.

तुमचा भाचा


८ फेब्रुवारी

चिरंजीव मोजपट्टी,

गोळ्या वेळेवर घेतोय. बरं आहे. दुकानात बसतो. काळजी करू नकोस, आणि कॅलेंडर खराब करू नकोस.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र पोहोचण्यापूर्वी तुम्हाला डॉक्टरांकडे नेलेले असेल. तुम्ही फोन उचलला नाही, म्हणून मी वहिनींना सांगितले आहे आणि मॅडम तुमच्या डॉक्टरांशी बोलल्या आहेत. का, ते सविस्तर लिहितो.

तिसरी गोळी तुमच्या जंतूंवर चालत नाही. आम्ही दिलेला अहवाल चुकीचा होता, आणि ती चूक माझी आहे.

दर सोमवारी आम्ही एका ओळखीच्या जंतूवर प्लेटा तपासतो. त्याचे वर्तुळ किती यायला हवे ते ठरलेले असते, चोवीस ते तीस. मागच्या दोन्ही सोमवारी तीस आले होते. मी स्वतःला म्हटले, बसते आहे. या सोमवारी बत्तीस आले.

मी एक प्लेट घेऊन अन्नाचा थर सुरीने कापला आणि तुकडा पट्टीला उभा लावला. चारऐवजी तीन मिलिमीटर होता. थर पातळ असला की औषध खाली मुरायला जागा कमी मिळते, ते आडवे पसरते आणि वर्तुळ फुगते. मग न चालणारे औषधही चालते असे दिसते.

मी ओट्याचा उतार तपासला. अन्नाची पावडर पुन्हा तोलली. वाफेचे भांडे पाहिले. दुपारचे तीन वाजेपर्यंत मी सगळे तपासले, फक्त तुमचे माप सोडून. मग रेघेपर्यंत पाणी भरून ते तोलले. पंचवीस ग्रॅम भरायला हवे होते. एकोणीस भरले. पाच वेळा तोलले, पाचही वेळा एकोणीस.

मामा, मी एक थर्मामीटर दुसऱ्या थर्मामीटरने तपासणारा माणूस आहे. हे एकच तपासले नाही, कारण ते तुम्ही केले होते.

माझ्या मनात काय आले तेही लिहितो. माप कपाटात मागे ठेवावे, उद्यापासून जुन्या पेल्याने ओतावे, आणि तोंडाला कुलूप लावावे. कुणालाही कळले नसते. माझी नोकरी कच्ची आहे, नववी शिकलेल्याला दुसरी लॅब कोण देणार? असा मी सात आठ मिनिटे उभा होतो. मग कॅलेंडरवर तुमच्या चौकटी दिसल्या.

मॅडमना म्हणालो, "मॅडम, प्लेटा पातळ आहेत."

"किती?"

"तीन. काही त्याहूनही कमी."

"कधीपासून?"

"सत्तावीस तारखेपासून. चौसष्ट नमुने आहेत."

त्या उभ्या होत्या, खाली बसल्या. "म्हणजे चालत नाही ते औषध चालतं, असं आपण लोकांना लिहून दिलं."

"हो."

"तू बाहेर जाऊन बस."

मी बाहेर बाकावर बसलो. आता घरीच जायला सांगतील असे वाटले. थोड्या वेळाने त्यांनी दार उघडले. "बसलास काय नुसता? खरं पंचवीसचं माप शोध आणि ओतायला लाग. चौसष्टच्या चौसष्ट पुन्हा लावायचे आहेत."

जंतू आम्ही फ्रीजमध्ये जपून ठेवतो, त्यामुळे पुन्हा लावता आले. तुमचा पहिला लावला. आज सकाळी वाचला. तिसरी गोळी: अठरा. वीसच्या खाली. पहिल्या दोन्ही तशाच, सहा. इंजेक्शन मात्र बरोबर जाडीच्या प्लेटवरही पुरते चालते, चोवीस आले. ते तुम्हाला आजच सुरू होईल. मोजताना मॅडमनी पट्टी धरली, मग मला धरायला लावली, मग शेजारच्या खोलीतल्या डॉक्टरांना बोलावून त्यांनाही धरायला लावली.

तुम्ही "बरं आहे" असे लिहिलेत. खरे काय आहे ते लिहा. मला आता खरेच हवे आहे, ते कसेही असो.

तुमचा भाचा


१७ फेब्रुवारी

बाळा,

दवाखान्यातल्या खाटेवरून लिहितोय, पेन्सिल परिचारिकेची आहे. शाई तपासू नकोस.

तुझं पत्र यायच्या आतच वहिनींनी मला दंडाला धरून रिक्षात कोंबलं. वाटेत म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? ठणठणीत आहेत म्हणून मी तिकडे साक्ष देत बसले!" त्यांचं म्हणणं खरं होतं, पण मला उत्तर द्यायला दम नव्हता.

आठ तारखेचं पत्र साफ खोटं. सातव्या दिवशी ताप उलट वाढला होता. तू इतक्या आनंदाने एकवीस लिहिलं होतंस, दोन घास जास्त जेवलास, त्यावर पाणी कसं ओतू? म्हटलं, उद्या उतरेल. परवा उतरेल.

आता मापाचं. आम्ही माप करतो तेव्हा ते काट्यावर ठेवतो, आत पाणी तोलून घालतो आणि पाण्याच्या काठाला रेघ कोरतो. चाळीस वर्षांत ही पायरी कधी चुकवली नाही. तुझं माप केलं त्या दिवशी पहिल्यांदा पाणी घातलं आणि ढास लागली, पाणी सांडलं. दुसऱ्यांदा घातलं, परत तेच. तिसऱ्यांदा मी भांडं पुसलं आणि नुसत्या नजरेने रेघ मारली. पंचवीस कुठे येतं ते माझा डोळा झोपेतही सांगेल, या गुर्मीत. आणि वर तुला लिहिलं, तपासू नकोस. भांडं नेहमीपेक्षा अरुंद झालं होतं, कारण फुंकताना श्वास पुरला नव्हता. ते मला दिसलंच नाही.

तेव्हा ही चूक माझी. खोकल्याची म्हण हवं तर, पण खोकला लपवला कुणी? हे पत्र तुझ्या मॅडमना दाखव आणि सांग, म्हाताऱ्याने सही करून कबूल केलंय. त्यांनी तुला काढलं का? तेवढं आधी कळव. इंजेक्शनची सुई मला टोचत नाही, ही गोष्ट टोचतेय.

ताप काल दुपारी उतरला. अजून परत आलेला नाही. मी दर तासाला कपाळाला हात लावून बघतो. तुझी सवय लागली.

मामा


२२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

ताप उतरलेला वाचून मी पत्र घेऊन व्हरांड्यात दोन फेऱ्या मारल्या. मग आईला फोन केला. तिला आता सगळे माहीत आहे. बोचके बांधलेले आहे. तुम्ही तयार असा.

मला काढले नाही. कसे झाले ते सांगतो. दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनी मॅडमना आणि मला, झाल्या चुकीची लेखी नोंद घेऊन, बोलावले.

साहेबांनी विचारले, "चूक कुणाची?"

मी तोंड उघडण्याआधी मॅडम म्हणाल्या, "दोन सोमवार तीस आलं, त्याखाली सही माझी आहे. काठावर आलं तेव्हाच मी थांबायला हवं होतं."

"आणि सापडली कुणाला?"

"यालाच."

"याने सांगितलं नसतं तर?"

"तर अजूनही सापडली नसती."

साहेबांनी मला विचारले, "शिक्षण किती?" मी म्हणालो, "नववी." ते म्हणाले, "मग ही जी नोंद लिहून आणली आहेस ती कुणी लिहून दिली?" मी म्हणालो, "मीच लिहिली, शब्दकोश जवळ ठेवून." त्यांनी माझ्या नावापुढे ताकीद लिहिली आणि जायला सांगितले. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "ताकीद चांगली असते. माझ्या नावावर तीन आहेत."

चौसष्टपैकी पाच जणांची औषधे बदलावी लागली. तुम्ही पाचांतले एक. उरलेल्यांपैकी तिघांना फोन करून बोलावले. पाचवी एक आजी होती, ती मुलीकडे राहायला गेली होती. तिच्या जुन्या घरमालकाकडून मुलीचा पत्ता काढायला मला दीड दिवस लागला. मी स्वतः गेलो. आजी दारात बसून भाजी निवडत होती. म्हणाली, "बाई गं, औषध चुकलं हे सांगायला आलेला माणूस मी पहिल्यांदा बघते." कालपासून तिचेही नवे औषध सुरू आहे.

आता नियम असा झाला आहे की प्रत्येक वेळी ओतलेल्या प्लेटांतली एक कापून थर मोजायचा आणि वहीत लिहायचा. ती प्लेट वाया जाते, पण जाऊ दे. वही माझ्या ताब्यात आहे.

तुमचे पत्र मी मॅडमना दाखवले नाही. रेघ तुम्ही चुकवली असेल, पण लॅबमध्ये आलेली वस्तू तपासणे माझे काम होते. ही वाटणी मला पटते, तुम्हीही मान्य करावी. माप मॅडमच्या टेबलावर आहे, त्या त्यात पेने ठेवतात.

एक गोष्ट विचारायची आहे. डब्याचे काय केलेत? मी मॅडमना विचारले होते की आकसलेली वर्तुळे पुन्हा कधी मोठी होतात का. त्या म्हणाल्या, "काही ठिकाणी झाली आहेत. लोकांनी औषध उगाच घ्यायचं थांबवल्यावर, काही वर्षांनी. नेहमीच होतात असं नाही." मला "काही ठिकाणी" एवढे पुरेसे वाटले.

तुमचा भाचा


१५ मार्च

चिरंजीव मोजपट्टी,

आशीर्वाद. वाटणी मान्य. तुझ्या आईने इथे अठरा दिवस राहून माझा जो छळ केला, त्याची वाटणी मात्र तू घे. कपाळाला हात, पायाला हात, जिभेची तपासणी. काल गेली. घर ओकंओकं वाटतंय, हे तिला सांगू नकोस.

इंजेक्शनं पुरी झाली. दुसरी डबी डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवली होती, त्यात काही उगवलं नाही हे तुला माझ्याआधी कळलं असेल. छातीच्या फोटोत डाव्या बाजूला खालचा कोपरा खरवडल्यासारखा दिसतो. डॉक्टर म्हणाले, तेवढा राहील. मी म्हटलं, राहू दे, चाळीस वर्षं काचेसमोर बसून काहीतरी खूण हवीच.

डबा दवाखान्यात नेऊन दिला. परिचारिकेने मोजल्या, त्र्याऐंशी निघाल्या, नऊ रंगांच्या. ती म्हणाली, "काका, तुम्ही काचेचं दुकान चालवता की आमचं?"

पण खरी परीक्षा चार दिवसांपूर्वी झाली. खालच्या वहिनी आल्या. वडिलांना पुन्हा खोकला. "दोन पिवळ्या द्या, म्हणजे चार दिवसांत सुटतील."

म्हटलं, "डबा दिला मी."

"वा! आमच्या वेळेला बरा रिकामा झाला डबा."

"वहिनी, त्या आता चालत नाहीत. माझ्यावर चालल्या नाहीत, तुम्हीच मला रिक्षात घातलंत."

"तुमचं वेगळं. तुम्ही हट्टी, म्हणून तुमचे जंतूही हट्टी."

शेवटी मी चपला घातल्या आणि तिघं मिळून डॉक्टरांकडे गेलो. दीड तास रांगेत बसलो. वहिनी माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, त्यांचे वडील मात्र दीड तास बोलले. डॉक्टरांनी छाती पुढून मागून ऐकली आणि म्हणाले, "याला कसलीच कॅप्सूल नको. साधा खोकला आहे, आठवड्यात जाईल." वहिनींना एवढा राग आला की परतताना रिक्षाच्या दोन टोकांना आम्ही दोघं, मध्ये वडील. आज पाचवा दिवस. म्हातारा सकाळी खिडकीतून मला ओरडून म्हणाला, "गेला हो खोकला, फुकट गेला!" वहिनी अजून माझ्याकडे बघत नाहीत, पण काल त्यांनी समोरच्या शिंप्याला सांगितलेलं मी ऐकलं: "त्यांच्याकडे मागू नका, ते रांगेत बसवतात."

तर माझा दवाखाना बंद पडला. तुझ्या वहीत या गल्लीचं एखादं वर्तुळ कधी मोठं झालं, तर माझं नाव न घालता लिही.

काल पहिल्यांदा दुकान पूर्ण वेळ उघडलं. अत्तराची एक बाटली केली, लिंबाएवढी, एका श्वासात. तिला अजून मोठं व्हायचं होतं, पण मी तिथेच थांबवलं. दुसरी केली. तिसरी वाकडी झाली, ती फोडली. मग पाणी आणि काटा घेऊन एक माप केलं, रेघ मारली, आणि तुझ्यासारखं पाच वेळा तोललं.

संध्याकाळी दुकान बंद करून वर आलो. दार उघडलं, दिवा लावला, चहाचं आधण ठेवलं, आणि तेव्हा लक्षात आलं की जिन्याच्या वळणावर दम घ्यायला मी बसलोच नाही. पाच महिने तिथे माझं स्टूल ठेवलेलं आहे. खरंच तिथे आहे ना, म्हणून चार पायऱ्या उतरून पाहिलं. स्टूल होतं. त्यावर वहिनींची मांजर झोपली होती, अंगाचं वेटोळं करून, जणू जागा केव्हाची तिचीच आहे. मी तिला उठवलं नाही.

मामा